फुलपाखराचं माहेर

"सकाळपासून तीन तास जंगलात चाललो. दोन-चार पांढरी-पिवळी उडाली, बाकी काही नाही. मग लोकांना एवढी फुलपाखरं दिसतात तरी कुठे?"

पावसाळा सरला की हा प्रश्न मला हमखास ऐकू येतो. विचारणारा बहुतेक वेळा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून नुकताच परतलेला असतो. मी उलट दोनच गोष्टी विचारतो. किती वाजता गेला होतात? आणि कुठे बघत होतात? उत्तरं ठरलेली असतात. नाश्ता आटोपून अकराच्या सुमाराला. आणि बघणार कुठे, फुलांकडेच की!

मेख या दुसऱ्या उत्तरात आहे. 'फुलपाखरू' हा शब्द गोड आहे, पण त्यानं आपली थोडी दिशाभूल केली आहे. फूल ही या किड्याची खाणावळ आहे. भूक लागली की यायचं, पोट भरलं की निघायचं. त्याचं माहेर असतं पानात, तेही कुठल्याही पानात नाही, तर ठरावीक झाडाच्या. ते माहेर एकदा कळलं की रानात भटकणाऱ्याच्या हाती पत्त्यांची वहीच येते. ही वही कशी वाचायची, ते या प्रकरणात पाहू.

१. लोकलच्या अंतरावरचं रान

सगळं समजून घ्यायला एक खरं जंगल डोळ्यांसमोर हवं. मी संजय गांधी राष्ट्रीय उद्यान निवडतो, कारण ते आपल्यापैकी अनेकांच्या आवाक्यात आहे. क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस किलोमीटर. पश्चिमेला बोरिवली, पूर्वेला ठाण्याचं येऊर, पोटात विहार आणि तुळशी हे दोन तलाव, आणि मध्यभागी कान्हेरीच्या काळ्या कातळात कोरलेली शंभरावर लेणी. तुळशी तलावातून निघालेली दहिसर नदी याच रानातून वाहत जाते.

रान मिश्र पानझडीचं. साग, ऐन, आसाणा, कुडा, पळस, सावर, ओढ्याकाठी उंबर आणि करंज, उतारांवर कारवी. दाट सावली, उघडं गवत, ओला ओढा आणि तापलेला कातळ हे सगळं इथं तासाभराच्या चालण्यात भेटतं. फुलपाखरांना अशीच सरमिसळ मानवते. म्हणूनच या उद्यानात दीडशेहून अधिक जातींची नोंद झाली आहे. संपूर्ण ब्रिटनमध्ये मिळून साठेक जाती आहेत. संपूर्ण पश्चिम घाटात साडेतीनशेच्या आत-बाहेर. त्यांतला एवढा मोठा वाटा मुंबईच्या लोकलमधून उतरून पायी गाठता येतो, हे मुंबईकरांनीही पुरतं लक्षात घेतलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

मुख्य रस्त्यावरून कान्हेरीपर्यंत सहज जाता येतं. शिलोंड्यासारख्या आतल्या पायवाटांवर मात्र वनखात्याची परवानगी आणि सोबत वाटाड्या हवा. सोमवारी उद्यान बंद असतं.

२. आधी ऊन, मग उड्डाण

आपलं शरीर आतून गरम राहतं. बाहेर थंडी असो वा ऊन, आतलं तापमान जवळपास तेवढंच. फुलपाखराकडे ही सोय नाही. पंख हलवणारे स्नायू त्याच्या छातीत असतात, आणि ते साधारण तीस अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाहीत. थंडीच्या सकाळी जुनी स्कूटर दहा किका मारूनही सुरू होत नाही, तशीच ही अवस्था. फरक एवढाच की फुलपाखराची किक म्हणजे सूर्य.

म्हणून सकाळी आठ-साडेआठला, झाडीच्या फटीतून ऊन पहिल्यांदा जमिनीवर उतरतं तेव्हा, त्या उन्हाच्या तुकड्यांकडे बघावं. काही जाती पंख सपाट पसरून पाठ शेकतात. काही पंख मिटूनच ठेवतात आणि अंगाची एक बाजू उन्हाकडे करून आडव्या कलतात. हुडहुडी भरलेलं माणूस कधी शेकोटीकडे पाठ करून बसतं, कधी कूस वळवतं, अगदी तसं. या वेळी ती जागेवर असतात, उडायला नाखूश असतात आणि चार हातांवरून शांतपणे बघता येतात.

साडेनऊ ते अकरा ही त्यांची धावपळीची वेळ. त्यानंतर ऊन चढलं की गणित उलटतं. आता तापण्याऐवजी तापू नये याची काळजी असते. बरीच फुलपाखरं सावलीत जातात, पानाखाली लटकतात. अकराला फाटकातून शिरणाऱ्याला रिकामं रान दिसतं, ते यामुळे.

ढगाळ दिवशी? फार काही दिसणार नाही. पण ढग फाटून पाच मिनिटं ऊन पडलं, तर त्या पाच मिनिटांत वाट एकदम जागी होते. हा क्षण मी अनेकदा अनुभवला आहे, आणि दरवेळी तो नवा वाटतो.

३. माहेर कसं ओळखायचं

आता मुख्य गोष्ट.

फुलपाखराच्या आयुष्यात खरं खाणं होतं ते अळीच्या अवस्थेत. अंड्यातून सुईच्या टोकाएवढी अळी निघते आणि दोन-तीन आठवडे फक्त पानं खात राहते, वजनानं शेकडो पटींनी वाढते, मग कोष करते. कोषातून बाहेर येणाऱ्या फुलपाखराला चावायला तोंडच नसतं, असते ती गुंडाळलेली सोंड. त्यामुळे वाढीचं सगळं सामान अळीनंच गोळा केलेलं असावं लागतं.

अळी मात्र वाटेल ते पान खात नाही. झाडं आपल्या पानांत किडे दूर राहावेत म्हणून निरनिराळी रसायनं भरून ठेवतात. कुणाचा चीक जाळणारा, कुणाची चव कडू, कुणाचा वास उग्र. प्रत्येक जातीच्या अळीनं यांतल्या एखाद्या गटातली रसायनं पचवण्याची विद्या मिळवलेली असते, आणि त्या बदल्यात बाकीची झाडं तिला कायमची परकी होतात. लिंबाच्या कुळातली पानं खाणारी अळी रुईच्या पानावर उपाशी मरेल. रुईवरची अळी लिंबावर.

म्हणून मादीला अंडी घालायला अचूक झाड शोधावं लागतं. ती ते कसं शोधते? आधी डोळ्यांनी आणि वासानं, आणि शेवटी पायांनी! पानावर उतरून ती पुढच्या पायांनी भराभर टपटप करते. चव ओळखणारे केस तिच्या पायांवर असतात. पान बरोबर असलं तर पोट वाकवून एक अंडं चिकटवते, नसलं तर उडून पुढच्या पानावर. रानात एखादं फुलपाखरू फुलांना ओलांडून नुसत्या हिरव्या पानांवर बसत-उठत चाललं असेल, तर समजावं की ती मादी आहे आणि माहेर शोधते आहे. लेक बाळंतपणाला माहेरी येते, तशीच ही आपण ज्या झाडावर वाढलो त्याच जातीच्या झाडाकडे परतते.

आता वही उघडू. यातली बरीच पानं तुमच्या ओळखीची निघतील.

रुईवर प्लेन टायगर हे नारिंगी फुलपाखरू. कढीपत्ता, लिंबू आणि बेलावर लाइम आणि कॉमन मॉरमॉन. बहावा आणि टाकळ्यावर फिकट पिवळसर-हिरवी एमिग्रंट मंडळी. सोसायटीच्या कुंपणाला उंच वाढणाऱ्या, आपण सरसकट 'अशोक' म्हणतो त्या झाडावर हिरव्या ठिपक्यांचं चपळ टेल्ड जे. आंबा आणि काजूवर कॉमन बॅरन. त्याची अळी पानाच्या मधल्या शिरेला अशी समांतर पडून राहते की दोन फुटांवरूनही दिसत नाही. कण्हेर, वड आणि उंबरावर कॉमन क्रो, म्हणजे मराठीत 'हबशी'. आणि पानफुटीवर रेड पिएरो. याची अळी पानाच्या वरच्या आणि खालच्या सालीच्या मध्ये, गोधडीत शिरल्यासारखी, आतच राहून गर खाते.

यांतली माझी आवडती जोडी बांडगूळ आणि कॉमन जेझबेल यांची. आंब्यावर बांडगूळ दिसलं की बागाईतदाराचं कपाळ आठ्यांनी भरतं. पण ते बांडगूळच या फुलपाखराचं माहेर. त्याचं मराठी नाव 'हळदी-कुंकू', आणि ते पंखांच्या खालच्या बाजूवर अक्षरशः लिहिलेलं आहे: पिवळ्याधमक पंखाला लाल ठिपक्यांची कड. बांडगूळ झाडाच्या शेंड्याकडे असतं, म्हणून हळदी-कुंकूही उंचावरून, संथपणे तरंगत जाताना दिसतं. खाली मान घालून चालणाऱ्याला ते कधीच भेटत नाही.

महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू 'नीलवंत', म्हणजे ब्लू मॉरमॉन. २०१५ मध्ये हा मान देणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. काळ्या मखमलीवर निळा सडा, आणि पंखांचा विस्तार बारा ते पंधरा सेंटिमीटर. त्याचं माहेरही लिंबाच्या कुळातलंच. रानात माकडलिंबावर आणि वस्तीजवळ लिंबू-पपनसावर वाढतं. म्हणून ते मुंबईच्या गल्लीतही कधी कधी अवतरतं, आणि बघणारा जागीच थबकतो.

कारवीविषयी एक सांगायला हवं. या उद्यानात कारवी २००८ मध्ये फुलली, मग २०१६ मध्ये, आणि दोन्ही वेळा माणसांची रीघ लागली. पण ब्लू ओकलीफ नावाचं फुलपाखरू, ज्याचे मिटलेले पंख देठा-शिरेसकट वाळक्या पानासारखे दिसतात, त्याची अळी कारवीच्या पानांवर जगते. फूल आठ वर्षांनी येतं, पान मात्र दरवर्षी असतं. शिवाय हे फुलपाखरू फुलांवर जवळजवळ येतच नाही. झाडाच्या खोडातून झिरपणारा रस आणि सडकी फळं हे त्याचं अन्न. फुलं शोधणाऱ्याला ते दिसावं कसं?

पानाचा हा नियम उलटा वापरला तर काय होतं, याचा धडा ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यालगत ओवळा गावात आहे. तिथल्या ओवळेकर वाडीत एका जमिनीवर मुद्दाम ही माहेरची झाडं लावली, आणि हळूहळू शंभराहून अधिक जातींची फुलपाखरं तिथं नोंदली गेली. कुणी ती आणून सोडली नाहीत. पानं लावली, ती आपण होऊन आली.

४. चिखलात काय असतं?

ओढ्याच्या काठी ओल्या वाळूवर पाच-पन्नास फुलपाखरं दाटीवाटीनं सोंड रोवून बसलेली दिसतात. यालाच 'चिखलपान' म्हणतात. नवख्या माणसाला वाटतं ती पाणी पिताहेत. पाणी पितात हे खरं, पण तहान हे त्याचं कारण नाही. काही जाती तर एका बाजूनं पाणी ओढत असतात आणि दुसऱ्या बाजूनं थेंब थेंब सोडत असतात.

हवं असतं मीठ. कल्पना करा, तुम्हाला रोज नुसत्या उसाच्या रसावर ठेवलं आहे. पोट भरेल, ताकदही येईल, पण चार दिवसांत जीव मिठाच्या खड्यासाठी कासावीस होईल. फुलातला मध असाच गोड पण अळणी. पानांतही सोडियम फारच कमी. ते मिळतं ओल्या मातीत, जनावरांच्या मुतानं भिजलेल्या जागी, शेणात, कधी तुमच्या घामेजलेल्या मनगटावर.

आणि या घोळक्यात जवळजवळ सगळे नर असतात. मीलनाच्या वेळी नर मादीला शुक्राणूंबरोबर या क्षारांची शिदोरी देतो. मादीच्या अंड्यांना ती उपयोगी पडते. म्हणजे ओढ्याकाठची ही पंगत खरं तर लग्नाची खरेदी आहे.

याच धर्तीची आणखी एक खरेदी पावसाळ्यानंतर उघड्या जागी दिसते. खुळखुळ्याच्या वाळक्या शेंगा आणि फांद्यांवर ब्लू टायगर आणि हबशी लोंबकळत असतात. तिथं मध नसतो. ती त्या वाळक्या भागातून एक कडू रसायन चोखून घेतात. नर त्यापासून मादीला आकर्षित करणारा गंध तयार करतात. थोडक्यात, हे अत्तराचं सामान आहे.

तेव्हा बघण्याच्या जागांची यादी वाढली: माहेरची पानं, ओली वाळू, खुळखुळा, उंबराखाली सडलेली फळं, झाडाच्या जखमेतून गळणारा रस. घाणेरीच्या फुलांवरही गर्दी असते, हे मान्य. पण घाणेरी बाहेरून आलेलं झुडूप आहे, ते पसरतं आणि खालची देशी झाडं दाबून टाकतं. ते खाणावळ चालवतं खरं, पण त्यापायी माहेरं बुडतात. फुलपाखरांसाठी म्हणून घाणेरी राखावी, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

५. शंभरांतली दोन

एक छोटं गणित करू. समजा, एका मादीनं आयुष्यात १०० अंडी घातली. रानातली त्या जातीची संख्या वर्षानुवर्षं साधारण तेवढीच राहते असं धरा. मग त्या १०० अंड्यांतून सरासरी किती फुलपाखरं मोठी होऊन पुढची पिढी देत असतील? आई-बापाच्या जागी दोन. बाकीची ९८ मुंग्या, कोळी, गांधीलमाशा, पक्षी, सरडे आणि रोगराई यांच्या वाट्याला जातात.

९८ जणांच्या मरणाचा हा दबाव प्रत्येक पिढीवर असेल, तर वाचण्याच्या युक्त्या किती पराकोटीला जातील याची कल्पना येते. ब्लू ओकलीफचं वाळकं पान ही एक युक्ती. दुसरी त्याच्या अगदी उलट: लपायचंच नाही.

प्लेन टायगर संथ उडतं, भडक रंग मिरवतं, कुणाला भीत नाही. त्याच्या अळीनं खाल्लेल्या रुईच्या चिकातलं विष फुलपाखराच्या अंगातही राहिलेलं असतं. एखाद्या पक्ष्यानं एकदा चोच लावली की त्याला उलटी होते, आणि नारिंगी रंग त्याच्या कायमचा लक्षात राहतो.

आता त्याच माळावर हुबेहूब तशीच नारिंगी दिसणारी दुसरी जात उडते, डॅनेड एगफ्लायची मादी. तिच्या अळ्या घोळीच्या भाजीवर वाढतात. तिच्या अंगात रुईचं विष नाही. तिनं फक्त रंग उचलला आहे. घराच्या फाटकावर 'कुत्र्यापासून सावध राहा' अशी पाटी, आणि आत कुत्रा नाही! या प्रकाराचा पहिला उलगडा हेन्री बेट्स या इंग्रज निसर्ग अभ्यासकानं अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या निरीक्षणांवरून १८६२ मध्ये मांडला.

दोघांना ओळखायचं कसं? मागच्या पंखाच्या वरच्या बाजूचे काळे ठिपके मोजा. प्लेन टायगरला पंखाच्या मध्यावर तीन किंवा चार ठिपके असतात. डॅनेड एगफ्लायच्या मादीला वरच्या कडेशी एकच. एवढं पुरतं.

पाटीच्या या युक्तीला एक मर्यादा आहे. गल्लीत दहा घरांवर पाट्या आहेत आणि आठ घरांत खरोखर कुत्रा आहे, तर चोर सगळ्याच घरांपासून लांब राहील. पण आठ घरांत कुत्रा नाही आणि दोनच घरांत आहे, असं झालं तर पाटीला कुणी विचारणार नाही. म्हणजे नकलाकार संख्येनं कमी असायला हवेत.

कॉमन मॉरमॉन या आपल्या कढीपत्त्यावरच्या फुलपाखराचं उत्तर इथं फार सुंदर आहे. नर एकाच रूपाचा, काळा, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची रांग. मादी मात्र तीन रूपांत. एक नरासारखी. दुसरी कॉमन रोज या विषारी फुलपाखरासारखी. तिसरी क्रिमझन रोज या दुसऱ्या विषारी फुलपाखरासारखी. नकलेचा भार दोन पाट्यांवर वाटला गेला. ही रूपं एकाच जातीची आहेत हे आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८६५ मध्ये दाखवून दिलं. एकाच आईच्या लेकी इतक्या वेगळ्या कशा, याचं उत्तर मिळायला मात्र जवळजवळ दीडशे वर्षं गेली. २०१४ मध्ये मराठी शास्त्रज्ञ कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात दाखवलं की यामागे 'डबलसेक्स' नावाचा एकच जनुक आहे. एरवी नर-मादीतले फरक घडवणारा हा जनुक या फुलपाखरात मादीच्या पंखांवरचं चित्रही ठरवतो.

रानात हा भेद ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. दोन्ही रोज फुलपाखरांचं अंग लाल असतं. मॉरमॉनच्या मादीनं पंख हुबेहूब उचलले, पण अंग काळंच राहिलं. पुढच्या वेळी लाल-काळं फुलपाखरू दिसलं की पंख सोडा आणि अंगाकडे बघा. आणि रोज फुलपाखरं कुठे शोधायची, तर सापसण या वेलीपाशी. विष तिथूनच येतं.

६. कोणत्या महिन्यात

मुंबई-ठाण्याच्या रानात सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबर हा सर्वांत भरघोस काळ. पावसानं कोवळी पानं फुटलेली असतात, अळ्यांची एक-दोन पिढ्यांची वाढ झालेली असते आणि ऊन परतलेलं असतं. मार्चच्या सुमारास, नवी पालवी येते तेव्हा, आणखी एक लहान बहर. भर पावसात बघणं कठीण, पण अळ्या शोधायला तो काळ उत्तम.

ऋतूप्रमाणे काही जातींचे कपडेही बदलतात. संध्याकाळी दिव्यावर घरात शिरणारं तपकिरी कॉमन ईव्हनिंग ब्राऊन पावसाळ्यात पंखांवर ठळक डोळ्यांसारखे ठिपके घेऊन येतं. कोरड्या दिवसांतल्या पिढीत ते ठिपके जवळजवळ पुसले जातात आणि पंख वाळक्या पाचोळ्यासारखा होतो. हिरवळीत डोळे शत्रूला चकवतात. पाचोळ्यात मात्र ते चटकन दिसले असते. पुस्तकात दोन वेगळी चित्रं बघून या दोन जाती आहेत असं समजू नका.

७. चालायचं कसं

सर्वांत मोठी चूक वेगाची. तासाला एक किलोमीटर, याहून जास्त नाही. तीन तास हातात असतील तर दीड किलोमीटर जा आणि त्याच वाटेनं परत या. परतताना ऊन सरकलेलं असतं, त्यामुळे तीच वाट निराळी जात दाखवते. मी सुरुवातीची दोन वर्षं फुलांच्या ताटव्यापाशी उभा राहण्यात घालवली. ओढ्याकाठी एकाच जागी अर्धा तास बसायला लागलो, तेव्हा यादी वाढली.

फुलपाखराला रंगापेक्षा हालचाल लवकर कळते. जवळ जाताना खाली वाका, सरळ रेषेत सावकाश सरका, आणि आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका. सावली म्हणजे त्याला पक्षी. एकदा उडालं तरी पाठलाग करू नका. बऱ्याच जातींचे नर ठरावीक जागा राखून बसतात आणि मिनिटाभरात त्याच पानावर परत येतात.

दुर्बीण घेणार असाल तर दोन मीटरवरचंही स्पष्ट दाखवणारी घ्या. लांबचं उत्तम पण जवळचं धूसर दाखवणारी दुर्बीण इथं बिनकामाची. फोटोसाठी चांगला मोबाइल पुरतो. वहीत नावाआधी झाडाचं नाव लिहा: 'सकाळी ९.४०, माकडलिंबू, मादी पानं चाचपत होती.' फुलपाखराचं नाव नंतर कुणीही सांगेल. ते काय करत होतं हे फक्त तुम्हीच पाहिलेलं असतं.

पूर्ण बाह्यांचे, मंद रंगाचे कपडे घाला. पावसाळ्यानंतर वाटेकडेला लोंबणाऱ्या खाजकुयलीच्या लवदार शेंगांना हात लावू नका. हे बिबट्यांचं रान आहे. पहाटे किंवा तिन्हीसांजेला एकटं आत राहू नका आणि पायवाट सोडू नका. फुलपाखरू धरू नका. बोटांना लागणारी पूड म्हणजे त्याच्या पंखांवरचे खवले, आणि ते पुन्हा उगवत नाहीत. फांदीवर कोष दिसला तर तो तोडून घरी आणू नका.

आणि पहिली सहल जंगलात करायलाच हवी असं नाही. गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी असेल तर उद्या फोडणीसाठी डहाळी तोडण्याआधी तिची पानं उलटून बघा. पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा, तपकिरी-पांढरा ठिपका दिसला आणि गवताच्या काडीनं हळूच स्पर्श केल्यावर त्यानं डोक्यामागून लालसर-नारिंगी दुबेळकं बाहेर काढलं, उग्र वास आला, तर ती डहाळी तशीच राहू द्या. ती लाइमची किंवा कॉमन मॉरमॉनची अळी आहे. वाचली, तर तीनेक आठवड्यांत तिचं फुलपाखरू त्याच गॅलरीतून उडेल.